विरळ रोगकारक सूक्ष्मजंतूंचे अभिज्ञान

रुग्णाचे रक्त, पू, थुंकी, मूत्र, मस्तिष्कमेरुद्रव (मेंदू व मेरुरज्जू यांभोवतालचा द्रव), ऊतक (समान रचना व कार्य असणाऱ्या कोशिकांचा समूह) इ. नमुन्यांत क्वचित आढळणाऱ्या सूक्ष्मजंतूंची प्रजाती व जाती निश्चित करण्याच्या प्रक्रियेस ही संज्ञा लावतात. रोगनिदान प्रयोगशाळेचे दैनंदिन काम बहुतांशी मोजक्या जंतूंशी निगडित असते. एश्चेरिकिया कोलाय, क्लेब्सिएला न्यूमोनिई, स्टॅफिलोकॉकस ऑरियस, स्यूडोमोनस एरुजिनोजा यांसारखे जंतू वारंवार भेटत असल्याने त्यांची लक्षणे तंत्रज्ञांच्या परिचयाची असतात व ठराविक परीक्षांनी त्यांची ओळख एकदोन दिवसांत पटते. या परिचित चौकटीत न बसणारा जंतू नमुन्यात आल्यास तीन प्रकारच्या चुका संभवतात : तो मुळीच वाढत नाही व नमुना ‘जंतुरहित’ ठरतो, वाढला तरी त्याला एखाद्या परिचित जंतूचे नाव मिळते, अथवा बाहेरून शिरलेला निरुपद्रवी दूषक समजून तो टाकून दिला जातो. प्रतिजैव औषधांची निवड जंतूच्या ओळखीवर अवलंबून असल्याने यांपैकी कोणत्याही चुकीची किंमत रुग्णाला मोजावी लागते.

विरळपणाचा अर्थ : एखादा जंतू विरळ आहे, असे म्हणताना तो निसर्गात विरळ आहे की केवळ प्रयोगशाळेत विरळ दिसतो, हा भेद ध्यानात घ्यावा लागतो. प्रदेश, ऋतू, रुग्णाची प्रतिकारशक्ती व वापरलेली पद्धती यांवर हा विरळपणा अवलंबून असतो. ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे बॅरी मार्शल व रॉबिन वॉरेन हे जठराच्या अस्तरातील वक्राकार जंतू वाढविण्याचा प्रयत्न करीत होते. नित्याच्या प्रघाताप्रमाणे संवर्धन-बशा दोन दिवसांत टाकून दिल्या जात व त्यांत काहीच दिसत नसे. १९८२ च्या ईस्टरच्या सुटीत बशा पाच दिवस ऊष्मायकात (ठराविक तापमान राखणाऱ्या पेटीत) राहिल्या आणि जंतूंचे निवह (एका कोशिकेपासून वाढलेले दृश्य समूह) दिसू लागले. हाच पुढे हेलिकोबॅक्टर पायलोरी या नावाने ओळखला गेला. जगातील फार मोठ्या लोकसंख्येच्या जठरात तो आढळतो. म्हणजे जंतू विरळ नव्हता, त्याला लागणारा अवधी देण्याची पद्धत नव्हती. या शोधाबद्दल दोघांना २००५ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मिळाले.

अशीच गोष्ट लिजिओनेला न्यूमोफिला या जंतूची आहे. जुलै १९७६ मध्ये अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथे माजी सैनिकांच्या संमेलनानंतर फुप्फुसशोथाची (फुप्फुसाच्या दाहयुक्त सुजेची) साथ उद्भवून ३४ जण दगावले. नेहमीच्या संवर्धकांवर काहीच वाढेना. जोसेफ मॅकडेड व चार्ल्स शेपर्ड यांनी गिनीपिग व कोंबडीच्या अंड्यातील भ्रूण यांचा उपयोग करून जानेवारी १९७७ मध्ये कारक जंतू उजेडात आणला. त्याला सिस्टीन हे ॲमिनो अम्ल व लोह यांची गरज असते आणि साध्या रक्त-आगरावर तो वाढत नाही. पूर्वी साठवून ठेवलेले नमुने पुन्हा तपासले असता १९४० नंतरच्या दशकातही तो माणसांत रोग उत्पन्न करीत होता, असे आढळले.

ऐतिहासिक आढावा : रॉबर्ट कॉख यांनी १८८१ मध्ये घन संवर्धकावर शुद्ध संवर्धन मिळविण्याचे तंत्र मांडले. डॅनिश वैद्य हान्स क्रिस्टियन ग्रॅम यांनी १८८४ मध्ये बर्लिन येथे अभिरंजनाची (रंग देण्याची) पद्धत शोधली आणि १८८७ मध्ये यूलियस रिचर्ड पेट्री यांनी झाकणाची उथळ काचबशी प्रचारात आणली. या तीन साधनांवर आजही प्रयोगशाळेचे काम आधारलेले आहे.

विरळ जंतूंच्या पद्धतशीर अभ्यासात अमेरिकेतील ॲटलांटा येथील रोगनियंत्रण केंद्रातील एलिझाबेथ किंग यांचे कार्य मूलभूत मानले जाते. अन्य प्रयोगशाळांतून ओळख न पटलेले जंतू त्यांच्याकडे येत. नाव देण्याइतकी माहिती नसलेल्या जंतूंना त्यांनी घाईने नावे दिली नाहीत. समान लक्षणांचे जंतू एकत्र करून त्या गटांना अक्षरे व अंक यांची सांकेतिक चिन्हे दिली. १९५९ मध्ये त्यांनी नवजात अर्भकांत मस्तिष्कावरणशोथ उत्पन्न करणाऱ्या एका जंतूचे वर्णन केले आणि १९६४ मध्ये असामान्य रोगकारक ग्रॅम-अव्यक्त जंतूंच्या अभिज्ञानाची पुस्तिका सिद्ध केली. त्यांच्या स्मरणार्थ १९७६ मध्ये किंगेला व २००५ मध्ये एलिझाबेथकिंगिया ही प्रजातिनामे रूढ झाली. कुत्र्याच्या चाव्यानंतर रक्तात शिरणाऱ्या एका जंतूचे पहिले वर्णन १९७६ मध्ये झाले. तो बरीच वर्षे ‘डीएफ-२’ या चिन्हानेच ओळखला जाई व १९८९ मध्ये त्याला कॅप्नोसायटोफॅगा कॅनिमॉर्सस हे नाव मिळाले.

नमुना व प्राथमिक परीक्षा : अभिज्ञानाचा आरंभ नमुन्याबरोबर आलेल्या माहितीपासून होतो. रुग्णाचा व्यवसाय, प्रवास, प्राण्यांचा चावा वा सहवास, कच्च्या दुधाचे सेवन, मधुमेह, प्लीहा काढून टाकल्याचा इतिहास, हृदयातील कृत्रिम झडप, आधी घेतलेली औषधे इ. गोष्टी कळल्यास कोणते संवर्धक वापरावे व बशा किती दिवस राखाव्यात, हे ठरविता येते. केवळ ‘पू, संवर्धनासाठी’ एवढ्याच चिठ्ठीवर आलेल्या नमुन्यातून विरळ जंतू सापडणे बऱ्याच अंशी योगायोगावर अवलंबून राहते.

यानंतर नमुन्याचा काचपट्टीवर लेप करून ग्रॅम पद्धतीने रंगवितात. जांभळा रंग टिकवून धरणारे जंतू ग्रॅम-व्यक्त व तो सोडून प्रतिरंजकाचा तांबडा रंग घेणारे ग्रॅम-अव्यक्त होत. गोलाणू की दंडाणू, साखळी की पुंजका, शाखायुक्त की शाखाहीन, पांढऱ्या कोशिकांच्या आत की बाहेर, या निरीक्षणांवरून शोधाचे क्षेत्र मर्यादित होते. लेपात दिसलेला जंतू संवर्धनात न उतरल्यास संवर्धक वा वातावरण चुकले असावे, असा अर्थ घ्यावा लागतो.

नोकार्डिया हे या परीक्षेचे उद्‌बोधक उदाहरण आहे. हे शाखायुक्त ग्रॅम-व्यक्त तंतू क्षयाच्या जंतूप्रमाणेच अम्लस्थिर असतात, म्हणजे रंगविल्यावर अम्लाने धुतले तरी रंग सोडत नाहीत. मात्र ही स्थिरता दुर्बल असून नेहमीच्या तीव्र अम्लाऐवजी १ टक्का गंधकाम्ल वापरल्यास ती स्पष्ट दिसते. क्षयरोग सर्वत्र असलेल्या आपल्या देशात अशा रुग्णावर क्षयाचेच उपचार चालू राहण्याचा धोका असतो. वस्तुतः नोकार्डियावर सामान्यतः को-ट्रायमोक्झॅझोल हे औषध वापरतात.

संवर्धन : रक्त-आगर, तापवून तपकिरी केलेले रक्त-आगर (चॉकलेट आगर) व मॅकाँकी आगर ही नेहमीची संवर्धके होत. बहुतेक जंतू ३५°-३७° से. तापमानात १८ ते २४ तासांत वाढतात. काही विरळ जंतूंना कार्बन डाय-ऑक्साइडाचे जादा प्रमाण, काहींना ऑक्सिजनाचा अभाव, तर काहींना विशिष्ट पोषक द्रव्ये लागतात. ॲबिओट्रॉफिया व ग्रॅन्युलिकॅटेला हे हृदयाच्या झडपांवर रोग उत्पन्न करणारे गोलाणू पायरिडॉक्सलवर (ब-६ जीवनसत्त्वाच्या एका रूपावर) अवलंबून असतात. रक्ताच्या बाटलीत ते वाढतात. परंतु तेथून साध्या रक्त-आगरावर उतरविल्यास वाढत नाहीत. अशा वेळी बशीवर स्टॅफिलोकॉकस ऑरियसाची एक रेघ ओढल्यास त्या रेघेलगत सूक्ष्म निवह उपग्रहांसारखे उमटतात, कारण आवश्यक द्रव्य शेजारच्या जंतूपासून मिळते. एका रेघेची ही परीक्षा रुग्णाचे ‘जंतुरहित’ ठरू पाहणारे निदान बदलू शकते.

हृदयाच्या आतील अस्तराच्या शोथात आढळणाऱ्या मंदगती जंतूंच्या एका गटासाठी (यात ॲग्रिगेटिबॅक्टर, कार्डिओबॅक्टेरियम, आयकेनेला, किंगेला इ. प्रजाती येतात) पूर्वी रक्ताच्या बाटल्या दोन ते तीन आठवडे राखीत. आधुनिक स्वयंचलित यंत्रांत हे जंतू सामान्यतः पाच दिवसांत वाढत असल्याने तशी आवश्यकता आता राहिलेली नाही.

जीवरासायनिक परीक्षा : जंतूंची एंझाइमे व चयापचय यांतील भेद उघड करणाऱ्या या परीक्षा होत. कॅटॅलेज, ऑक्सिडेज, यूरिएज, शर्करांचे किण्वन, ॲमिनो अम्लांचे विघटन, चलनशीलता इत्यादींची उत्तरे ‘होय’ किंवा ‘नाही’ अशी नोंदवून ती ज्ञात जातींच्या सारणीशी ताडून पाहतात. सुमारे १९७० पासून अनेक परीक्षा एकाच पट्टीवर करण्याची सोय झाली. वीस खळग्यांच्या एका प्रचलित पट्टीत ऑक्सिडेज धरून एकवीस उत्तरे मिळतात. त्यांचे तीन-तीनचे गट पाडून प्रत्येक गटातील होकारार्थी उत्तरांना अनुक्रमे १, २ व ४ गुण देतात. उदा., गटातील पहिले व तिसरे उत्तर होकारार्थी असल्यास ५ हा अंक मिळतो. अशा रीतीने सात अंकी संकेत तयार होतो व कोशात तो शोधून जातीचे नाव व संभाव्यता काढतात.

या पद्धतीची मर्यादा तिच्या रचनेतच आहे. कोशात ज्या जाती समाविष्ट आहेत त्यांतूनच ती सर्वांत जवळची जाती निवडते. कोशात नसलेल्या जंतूलाही कोणते तरी नाव मिळू शकते आणि ते छापील अक्षरांत, टक्केवारीसह मिळत असल्याने अधिक विश्वसनीय वाटते. म्हणून यंत्राने वा पट्टीने दिलेले नाव ग्रॅम अभिरंजन, निवहाचे स्वरूप, वाढीचा वेग व रुग्णाचे आजारपण यांच्याशी जुळते की नाही, हे पडताळणे अत्यावश्यक असते. यांत विसंगती आढळल्यास नाव तात्पुरते समजावे.

रेणवीय पद्धती : कार्ल वूज यांनी रिबोसोमातील न्यूक्लिइक अम्लांच्या तुलनेवरून १९७७ मध्ये सजीवांच्या नात्यांचा नवा आराखडा मांडला. सर्व सूक्ष्मजंतूंत असणाऱ्या व सुमारे १,५०० न्यूक्लिओटाइडांच्या ‘१६ एस’ या रिबोसोमी जनुकाचा क्रम काढून तो ज्ञात क्रमांशी ताडणे, ही विरळ जंतूंच्या ओळखीची प्रभावी पद्धत ठरली आहे. जंतू वाढविता न आला तरी ऊतकातील त्याच्या जनुकावरून ओळख पटू शकते. जॉर्ज व्हिपल यांनी १९०७ मध्ये वर्णन केलेल्या आतड्याच्या विकाराचा जंतू अनेक दशके वाढविता आला नव्हता. १९९२ मध्ये जनुकक्रमावरून त्याचे वर्गीकरणातील स्थान कळले आणि २००० मध्ये त्याचे संवर्धन साध्य झाले. तथापि निकट नात्याच्या जातींत हा क्रम जवळजवळ एकसारखा असतो. स्ट्रेप्टोकॉकस न्यूमोनिई व स्ट्रेप्टोकॉकस मायटिस यांना केवळ या जनुकावरून वेगळे करणे अवघड असते. अशा वेळी अन्य जनुके वा संपूर्ण जनुकसंच तपासावा लागतो.

सुमारे २००९ पासून द्रव्यमान वर्णपटविज्ञानावर आधारित पद्धत दैनंदिन वापरात आली. निवहाचा किंचित अंश धातूच्या पट्टीवर लावून त्यावर विशिष्ट रसायन घालतात व लेसर किरणाने त्यातील प्रथिने आयनरूपात मुक्त करतात. निर्वात नळीतून हलकी प्रथिने लवकर व जड उशिरा पोहोचतात. यावरून सुमारे २,००० ते २०,००० डाल्टन या पल्ल्यातील प्रथिनांचा आलेख मिळतो व तो संग्रहातील आलेखांशी ताडून काही मिनिटांत नाव ठरते. या पद्धतीने पूर्वी दुर्लक्षित राहिलेल्या कित्येक जाती नित्याच्या अहवालांत दिसू लागल्या आहेत. येथेही संग्रहाची व्याप्ती हीच ओळखीची सीमा असते. एश्चेरिकिया कोलाय व शिगेला यांसारखे निकटचे जंतू ती सहज वेगळे करू शकत नाही.

मेलिऑइडोसिस – एक उदाहरण : अभिज्ञानातील बहुतेक अडचणी या एका रोगाच्या निदानात एकवटलेल्या दिसतात. रंगून येथे ॲल्फ्रेड व्हिटमोर व सी. एस्. कृष्णस्वामी यांनी १९११ मध्ये हा रोग व त्याचा जंतू प्रथम ओळखला. बर्खोल्डेरिया स्यूडोमलाय हा जंतू उष्ण प्रदेशांतील ओल्या मातीत व पाण्यात राहतो. १९९२ पर्यंत त्याची गणना स्यूडोमोनस प्रजातीत होत असे. पावसाळ्यात शेतात वा चिखलात काम करणाऱ्यांत, विशेषतः मधुमेही व्यक्तींत, त्याच्या संसर्गाने फुप्फुसशोथ, यकृत व प्लीहा यांतील गळवे, सांध्यांतील पू किंवा रक्तदोष उद्भवतो. भारतात १९९१ मध्ये मुंबईतील एका बालकाच्या रुग्णवृत्तानंतर या रोगाकडे लक्ष वेधले गेले. त्यानंतर कर्नाटकाची किनारपट्टी, केरळ, तमिळनाडू, गोवा, महाराष्ट्र इ. भागांतून रुग्णांच्या नोंदी झाल्या. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका गणितीय अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे १,६५,००० लोकांना हा रोग होतो व त्यांपैकी सुमारे ८९,००० दगावतात. प्रत्यक्ष नोंद होणारे रुग्ण याच्या तुलनेने फारच थोडे असतात.

हा जंतू साध्या संवर्धकांवरही वाढतो. अडचण वाढविण्याची नसून ओळखण्याची असते. पहिल्या दिवशी निवह लहान व सामान्य दिसतात आणि ऑक्सिडेज परीक्षा होकारार्थी येत असल्याने त्याला स्यूडोमोनस समजले जाते वा दूषक म्हणून टाकले जाते. तीन ते पाच दिवसांत मात्र निवह कोरडे व सुरकुतलेले होतात. ग्रॅम-लेपात दंडाणूची दोन्ही टोके गडद व मध्य फिका दिसतो. यांखेरीज एक सोपी खूण औषध-संवेदनशीलतेच्या बशीवरच मिळते : बहुसंख्य वाण जेंटामायसीन व कोलिस्टीन यांना दाद देत नाहीत, परंतु ॲमॉक्सिसिलीन-क्लॅव्ह्युलॅनिक अम्लाला संवेदनशील असतात. स्यूडोमोनस एरुजिनोजाच्या बाबतीत या शेवटच्या औषधाचा उपयोग होत नाही. ही त्रयी आढळताच लॅटेक्स समूहन परीक्षा व जनुक परीक्षा यांनी खात्री करून घ्यावी. माती वा थुंकी यांसारख्या मिश्र नमुन्यांसाठी जेंटामायसीनयुक्त ॲशडाउन आगर उपयुक्त असते.

अचूक नावाचे महत्त्व उपचारांवरून स्पष्ट होते. सेफ्टाझिडीम वा मेरोपेनेम शिरेवाटे किमान १० ते १४ दिवस आणि त्यानंतर को-ट्रायमोक्झॅझोल किमान तीन महिने, असा हा दीर्घ उपचार आहे. ‘स्यूडोमोनस’ असा अहवाल गेल्यास रुग्णाला आठवडाभर औषध मिळून तात्पुरता आराम पडतो व काही महिन्यांनी रोग उलटतो.

दूषक की रोगकारक : त्वचेवरील कॉरिनेबॅक्टेरियम, कोॲग्युलेज-नकारी स्टॅफिलोकॉकस, हवेतील बॅसिलस इ. जंतू नमुना घेताना सहज मिसळतात. विरळ नाव मिळाले म्हणजे रोगाचे कारण सापडले, असे नव्हे. वेगवेगळ्या वेळी वा जागी घेतलेल्या दोन किंवा अधिक रक्तनमुन्यांत तोच जंतू असणे, एरवी जंतुरहित असणाऱ्या जागी तो आढळणे, मूळ लेपातही पांढऱ्या कोशिकांसमवेत दिसणे व रोगलक्षणांशी सुसंगत असणे, हे रोगकारकतेचे पुरावे मानतात. याउलट प्रत्येक बॅसिलस दूषक मानण्याची सवयही घातक ठरते. २००१ मध्ये अमेरिकेतील फ्लॉरिडात एका रुग्णाच्या मस्तिष्कमेरुद्रवात मोठे ग्रॅम-व्यक्त दंडाणू दिसले असता वैद्य व प्रयोगशाळा यांनी त्यांची उपेक्षा न केल्यामुळेच टपालातून पसरविलेल्या काळपुळीचा (अँथ्रॅक्सचा) छडा लागू शकला.

सुरक्षितता : अनोळखी जंतू हाताळणाऱ्यालाही धोका असतो. ब्रूसेला हा जंतू गुरे-शेळ्यांपासून व न तापविलेल्या दुधातून माणसांत येतो आणि प्रयोगशाळेत होणाऱ्या संसर्गांत त्याचे स्थान बरेच वरचे आहे. त्याचे अतिसूक्ष्म ग्रॅम-अव्यक्त दंडाणू स्वयंचलित पद्धतींत मोराक्सेला वा अन्य निरुपद्रवी नावाने ओळखले गेल्याची उदाहरणे आहेत. मंद वाढ, बारीक दंडाणू व वेगाने होकारार्थी येणारी यूरिएज परीक्षा ही लक्षणे एकत्र दिसताच पुढील काम जैव सुरक्षा कपाटातच करावे. बशीचा वास घेऊन जंतू ओळखण्याची जुनी सवय वर्ज्य मानावी.

नावांतील बदल व अहवाल : वर्गीकरण सुधारत असल्याने नावे बदलतात. २०२० मध्ये ऑक्रोबॅक्ट्रम ही प्रजाती ब्रूसेला प्रजातीत विलीन करण्याचा प्रस्ताव आला. त्यामुळे सौम्य व प्रखर जंतू एकाच प्रजातिनामाखाली येऊन उपचार व सुरक्षितता यांबाबत गोंधळ होईल, असा आक्षेप अनेक वैद्यकीय तज्ञांनी घेतला. अशा वेळी अहवालात नव्या नावाबरोबर जुने नावही देणे हितावह असते. काही जंतूंचे नावच उपचाराची दिशा दाखविते. उदा., एलिझाबेथकिंगिया ग्रॅम-अव्यक्त असूनही कार्बापेनेम व कोलिस्टीन या अखेरच्या मानलेल्या औषधांना जन्मतःच दाद देत नाही.

ओळख निश्चित होईपर्यंत वैद्याला थांबवून न ठेवता ग्रॅम अभिरंजनाचा निष्कर्ष तत्काळ कळविणे, नंतर प्रजातीपर्यंतची ओळख व शेवटी जाती, असा टप्प्याटप्प्याचा अहवाल रुग्णाच्या हिताचा असतो. पुराव्यापलीकडे जाऊन जातीचे नाव देण्यापेक्षा ‘ऑक्सिडेज-होकारी, शर्करा न आंबविणारा ग्रॅम-अव्यक्त दंडाणू, पुढील तपासणी चालू’ असे लिहिणे अधिक उपयुक्त ठरते. असा जंतू शुद्ध संवर्धनाच्या रूपात जतन करून संदर्भ प्रयोगशाळेकडे पाठवितात. तेथे एकत्र आलेल्या अशा जंतूंमुळेच पुढील सारण्या व संग्रह अधिक परिपूर्ण होत जातात.